फिलिपिन्समध्ये १९ दिवस, पाठीवर सॅक: प्लॅन बघा आणि मोकळेपणाने झोडपा

फेजथ्री:

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मित्र, तिघंही हिंजवडीत घासतो. मी नोटीस पिरियडवर आहे, दुसऱ्याच्या सुट्ट्या लॅप्स होणार आहेत आणि तिसऱ्याचा मॅनेजर बदललाय, म्हणजे सध्या त्याला विचारणारं कोणी नाही. सगळं जुळवून फेब्रुवारीत १९ दिवस निघतात. असे १९ दिवस पुन्हा मिळतील असं वाटत नाही (घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे, जाणकारांना कळेल).

थायलंड ऑफिसातल्या सगळ्यांचं झालंय, बाली सगळ्या नवपरिणितांचं. म्हणून फिलिपिन्स. समुद्र, डोंगर, बेटं, शहर सगळं एकाच देशात. प्लॅन असा: मनिला २ दिवस, बनावे आणि सगादा ३, पुएर्तो प्रिन्सेसा २, एल निडो ३, कोरोन २, सेबू २, बोहोल २, सिआर्गाव ३. बेरीज बरोब्बर १९. एक्सेलमध्ये टाकलंय, प्रत्येक बेटाला वेगळा रंग दिलाय. बघायला फार सुंदर दिसतं.

आंतरराष्ट्रीय तिकीट सोडून माणशी ८० हजार धरलेत. तब्येतीने तिघंही ठणठणीत: राजगड-तोरणा दोनदा, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड एकदा. तिघांतला एक पक्का शाकाहारी आहे, अंडंही नाही, वर संकष्टी करतो. त्याचं तिकडे काय होणार? आणि फेब्रुवारीत पाऊस असतो का? एकाने सांगितलं असतो, एकाने सांगितलं नसतो.

झोडपा.

कर्वेरोडचा_राजा:

दिवेआगरचा समुद्र आटला का? शनिवारी पहाटे ताम्हिणीतून निघालात तर नाश्त्याला पोचता. व्हिसा लागत नाही, अंडं नाही, आणि संकष्टीला उकडीचे मोदक मिळतात. ८० हजार उरतात ते वेगळे.

फेजथ्री:

राजे, गेल्या वर्षी चारदा गेलो. आता तिथली कुत्रीसुद्धा ओळखतात.

भूगोलाच्या_बाई:

फेजथ्री, बेरीज बरोबर आहे. प्लॅन चूक आहे. आधी स्वतःबद्दल सांगते, मग का चूक ते.

मी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला. २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि जानेवारी २०२० मध्ये मुलाची जुनी सॅक घेऊन फिलिपिन्सला एकटी गेले. आमच्या घरच्यांना बोट लागते. घारापुरीला जातानाच त्यांचा चेहरा हिरवा होतो, त्यामुळे सात हजारांवर बेटं असलेल्या देशात ते येण्याचा प्रश्नच नव्हता. सुनेने विचारलं, "आई, ग्रुप टूर का नाही?" मी म्हटलं, ३१ वर्षं चाळीस-चाळीस मुलांच्या सहली काढल्या, आता मला कोणाची डोकी मोजायची नाहीत.

माझाही प्लॅन तुझ्यासारखाच होता. एक्सेल नव्हतं, चौकटीची वही होती. १३ तारखेला सोमवारी मनिलाहून विमानाने पालावान बेटावर, असं लाल शाईने लिहिलं होतं. १२ तारखेला, रविवारी, गेस्ट हाऊसच्या गच्चीवर दोन पंजाबी ड्रेस वाळत घातले आणि दुपारची आडवी झाले. संध्याकाळी खालच्या टीव्हीवर सगळे जमलेले. ताल ज्वालामुखी जागा झाला होता. मनिलापासून म्हणजे आपल्या पुणे-लोणावळ्याइतक्या अंतरावर!

आता हे नीट ऐक. तालचं चित्र मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढलंय. एक मोठं तळं, तळ्यात बेट, त्या बेटात पुन्हा तळं, त्या तळ्यात पुन्हा एक टीचभर बेट. मुलांना हे फार आवडायचं. ते बघायला मी पालावानहून परतल्यावर जाणार होते, आणि नेमकं आतलं तळं त्या उद्रेकात जवळजवळ नाहीसंच झालं. सकाळी गच्चीवर गेले तर ड्रेसवर राख. आई भांडी घासायला वापरायची ती नव्हे, बोटांत धरली तर बारीक काचेसारखी कचकच करणारी. गल्लीतल्या दुकानांतले मास्क संपले. विमानतळ रात्रीच बंद झाला होता, दुसऱ्या दिवशी हळूहळू उघडला, पण माझं विमान रद्द. त्या विमान कंपनीने पैसे परत द्यायला चार महिने लावले, ती रडकथा वेगळी.

तर माझी चौकटीची वही त्या दिवशीच संपली. पहिला दिवस मी गेस्ट हाऊसच्या जिन्यात बसून चक्क रडले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, दक्षिणेला जाता येत नाही ना, मग उत्तरेला जा, राख तिकडे नाही. रात्रीची बस धरली आणि बनावेला गेले. नऊ-दहा तासांचा प्रवास. त्या बसमधला एसी म्हणजे शीतगृह आहे. मी स्वेटर, शाल, वर रेनकोट असं सगळं घालून बसले होते. तुम्ही हाफ पँटीत बसाल आणि सकाळी मटारच्या पाकिटासारखे उतराल, म्हणून सांगून ठेवते.

बनावेच्या व्ह्यूपॉइंटवर फोटो काढून लगेच सगादाला पळू नका. पुढे बाताद गाव आहे. एका ठिकाणी गाडीरस्ता संपतो, तिथून चालत खाली उतरायचं. वळणावर आलं की एकदम समोर उघडतं: डोंगराच्या पोटात अर्धगोल, त्यात पायऱ्या-पायऱ्यांनी भाताची खाचरं, तळाशी चार घरांचं गाव. जानेवारी-फेब्रुवारीत खाचरांत पाणी भरलेलं असतं, रोपं नुकती लावलेली, आणि सबंध आभाळ तुकड्या-तुकड्यांनी खाली पडल्यासारखं दिसतं. आपल्याकडे भोर-वेल्ह्याला खाचरं बघितली असशील, पण इथले बांध दगडी आहेत, पुरुषभर उंचीचे, काही त्याहून जास्त, आणि त्या बांधाच्या माथ्यावरूनच गावात ये-जा. एका बाजूला गुडघाभर चिखल, दुसऱ्या बाजूला सरळ खाली. संजीवनी माचीच्या तटावरून चालला असशील तर जमेल. माझी फजिती झाली ती भिजलेल्या चपलांमुळे. एकदा चिखलाच्या बाजूला बसले, देवाची कृपा, दुसऱ्या बाजूला नाही.

माहितीपत्रकांत ही शेती २००० वर्षांची आहे असं छापतात. अलीकडच्या उत्खननांवरून दिसतं की पाण्यातल्या भाताची ही मोठी बांधणी साधारण सोळाव्या-सतराव्या शतकातली असावी. स्पॅनिश खाली मैदानात आले, तसे लोक वर डोंगरात सरकले आणि डोंगरच खोदून काढला. मला ही गोष्ट त्या २००० वर्षांपेक्षा जास्त भारी वाटते. शिवाजी महाराजांच्या थोडं आगेमागे म्हणजे काही फार लांब नाही, आणि एवढ्या काळात एवढं काम! १९९५ पासून बाताद जागतिक वारसा यादीत आहे.

मी पोचले तो दिवस संक्रांतीचा. सॅकेत तिळगुळाची पुडी होतीच. ज्या घरी उतरले त्या घरच्या आजी ओट्यावर बसलेल्या, मला इफुगाव येत नाही, त्यांना मराठी नाही. मी तिळगूळ दिला. त्यांनी तो वास घेऊन, निरखून, मग खाल्ला. आणि उठून आत गेल्या आणि माझ्या हातावर काय ठेवावं? सुपारी, विड्याचं पान आणि चुना! तिकडे त्याला मोमा म्हणतात. मी आयुष्यात पान खाल्लेलं नाही, तिथे मात्र नाही म्हणवेना. दोन मिनिटांत कान गरम झाले आणि मी अंगणात लाल पिचकारी मारली. आजी पोट धरून हसल्या. घरी कळलं तेव्हा हे म्हणाले, मंडईत थुंकणाऱ्यांना इतकी वर्षं बोलत होतीस ना!

तिथे दोन रात्री राहणार होते, चार राहिले. माझ्या चौकटीच्या वहीत बातादला अर्धा दिवस होता.

म्हणून म्हणते, तुझ्या प्लॅनमध्ये आठ मुक्काम आहेत आणि त्यातल्या प्रत्येक दोन मुक्कामांमध्ये विमान, बोट, व्हॅन किंवा रात्रीची बस आहे. १९ पैकी आठ दिवस तुम्ही रांगेत, धक्क्यावर नाहीतर विमानतळावर बसणार. एक दुवा निखळला की पुढची सगळी साखळी कोसळते. मोकळा दिवस एकही ठेवलेला नाही. रंगच देत होतास तर दोन चौकटी पांढऱ्या ठेवायच्या होत्यास.

आता पावसाचं. दोघांनीही तुला खरंच सांगितलंय. या दिवसांत तिकडे ईशान्येकडून वारा येतो, त्याला ते अमिहान म्हणतात. तो पॅसिफिकवरून पाणी घेऊन येतो आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर ओततो. पश्चिमेकडचं पालावान, म्हणजे तुझं पुएर्तो प्रिन्सेसा आणि एल निडो, मात्र कोरडं. आपल्या सह्याद्रीचं उलटं चित्र डोळ्यासमोर आण, पूर्वेला कोकण आणि पश्चिमेला देश. तुझं सिआर्गाव बरोब्बर पूर्वेच्या टोकाला आहे. फेब्रुवारीत तिथे तीन दिवस खोलीत पत्ते कुटाल. लाटांवर फळी घेऊन उभं राहायचं असेल तर तिथला खरा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर.

शाकाहाराचं उद्या लिहिते, कुकर झालाय.

पासपोर्ट_रांगेतला:

बाईंना साष्टांग, पण एक मुद्दा राहिला. फेजथ्री, तू व्हिसाबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस. जून २०२५ पासून भारतीयांना फिलिपिन्समध्ये पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश आहे, पण तो १४ दिवसांचाच, आणि तिथे गेल्यावर वाढवून मिळत नाही. अमेरिका, जपान, शेंगेन, यूके वगैरेंपैकी कुठला चालू व्हिसा असेल तर ३० दिवस. तसा नसेल आणि १९ दिवस राहायचं असेल तर आधी रीतसर व्हिसा काढावा लागेल. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवायची तयारी ठेवा, पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा. तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या साइटवर ताजे नियम बघाच.

आणि ई-ट्रॅव्हल नावाची नोंदणी पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत ऑनलाइन करायची असते. ती फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी, बंद करा.

फेजथ्री:

१४ दिवस?? आमच्यातल्या कोणाकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. एकाचा रिजेक्ट झालेला आहे, तो मोजत नाहीत ना.

बाई, तुमचा प्रतिसाद रात्री दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. सिआर्गाववरून भांडण झालं. ज्याला फळीवर उभं राहायचं होतं त्याला पोहताच येत नाही हे त्यात बाहेर आलं.

मकातीचा_मावळा:

मूळचा चिंचवडचा, गेली सहा वर्षं मनिलात नोकरीला. थोडं सटरफटर माझ्याकडून.

मनिलाच्या विमानतळाला चार टर्मिनल आहेत आणि ती एकमेकांना चिकटून नाहीत. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून दोन तासांत देशांतर्गत विमान पकडू असा हिशेब करू नका. संध्याकाळचं ट्रॅफिक बघितलंत की हिंजवडीचा शिवाजी चौक गोड वाटायला लागेल, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय.

जीपनीत बसाच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे सोडलेल्या जीप लांब करून यांनी त्या केल्या, तिथून ही जात सुरू झाली. मागून चढायचं, समोरासमोर दोन बाकडी. पैसे शेजारच्याच्या हातात "बायाद पो" म्हणून द्यायचे, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे तसेच हातोहात परत येतात. सहा वर्षांत माझे सुट्टे एकदाही वाटेत गळाले नाहीत. उतरायचं असेल तर "पारा पो!" पुण्यातल्या सहा आसनीत बसलेल्याला दोन मिनिटांत सवय होते. यातला "पो" म्हणजे आपलं "अहो". तो सगळीकडे लावत जा, समोरचा लगेच मऊ होतो.

एटीएममधून परदेशी कार्डावर काढलेत की दर खेपेला २५० पेसो कापले जातात (पेसो म्हणजे साधारण दीड रुपया धरा), म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. बातादला एटीएम नाही. एल निडोतली गर्दीच्या दिवसांत कोरडी पडतात. प्लगला चपट्या पट्ट्या लागतात, आपल्या गोल पिना बसत नाहीत, अडॅप्टर इथूनच घ्या.

सेबूच्या दक्षिणेला ओस्लोबला व्हेल शार्क हमखास दिसतात असं सांगतील. हमखास दिसतात कारण रोज सकाळी त्यांना हाताने कोळंबी चारतात. मी एकदा गेलो, पुन्हा जाणार नाही.

भूगोलाच्या_बाई:

मावळ्याने "पो" सांगितलं ते बरं झालं. मी आठवडाभर बिनापोची हिंडत होते, लोकांना किती उर्मट वाटले असेन.

शाकाहारी मित्राचं. तिकडे "गुलाय" म्हणजे भाजी, पण भाजी म्हणजे शाकाहारी नव्हे. पिनाकबेत नावाची वांगी, भेंडी, कारलं, भोपळ्याची झकास भाजी असते, आपल्या भोगीच्या भाजीची मावसबहीण, आणि तिला चव येते ती बागोओंगने, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीने. त्यामुळे नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. तिन्ही सांगायचं: "वलांग कार्ने, वलांग इस्दा, वलांग बागोओंग." मांस नको, मासा नको, बागोओंग नको. वहीत लिहूनच द्या त्याला. सकाळी सिनांगाग मागायचा. शिळ्या भाताला लसणीची फोडणी, बस. आपला फोडणीचा भात, हळद तेवढी विसरलेला. त्यांच्याकडे तो अंड्याबरोबर येतो, ते ताटलीत येण्याआधीच नको म्हणायचं, नंतर उचलून बाजूला ठेवलं की तुझा मित्र तोंड पाडून बसेल. वर पिळायला कलामानसी नावाचं बारकं लिंबू. मी मेतकूट आणि भाजणी नेली होती, बातादच्या आजींना मेतकूट-भात बेहद्द आवडला.

शहरात सकाळी "ताहोऽऽऽ" अशी हाळी देत एक माणूस खांद्यावर कावड घेऊन येतो. एका डब्यात सोयाबीनच्या दुधाचं गरम, थरथरणारं दही, दुसऱ्यात गुळचट पाक आणि साबुदाणा. संकष्टीवाल्याला सांग, सोयाबीन उपासाला चालत नाही, साबुदाणा तेवढा वेचून खा.

संकष्टीवरून आठवलं, आणि हे मी तुला सांगणारच होते. परत येण्याआधी शेवटच्या दिवशी मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले, मानववंशशास्त्राच्या इमारतीत. प्रवेश फुकट. तिथे एक ताम्रपट आहे, वहीच्या पानापेक्षा जरा मोठा, काळपट, कडेने मुडपलेला. १९८९ च्या सुमारास लागुना प्रांतात नदीच्या गाळात सापडला. पाटीवर इंग्रजीत लिप्यंतर लिहिलं होतं, मी चष्मा पुसून वाचायला लागले: स्वस्ति, शक वर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. अरे, मी तिथेच उभी राहून मोठ्याने म्हणाले, "म्हणजे संकष्टी!" शेजारचा रखवालदार दचकला.

इसवी सन ९००, २१ एप्रिल. त्या वेळी आपल्याकडे राष्ट्रकूट. आणि तिकडे पॅसिफिकच्या कडेला कोणीतरी आपल्याच शकात, आपल्याच तिथीने कागदपत्र करतोय. मजकूर जुन्या मलयमध्ये, संस्कृत शब्द पेरलेला. त्यात देवाधर्माचं काही नाही. नाम्वरान नावाच्या एका माणसाचं कर्ज माफ झाल्याची पावती आहे: एक कटी आणि आठ सुवर्ण, म्हणजे सोन्याची जुनी मापं. त्याच्या मुलाबाळांना पुढे कोणी तगादा लावू नये म्हणून तांब्यावर कोरून घेतलेली. फिलिपिन्समध्ये सापडलेला तारीख असलेला हा सगळ्यात जुना लेख. रखवालदाराला मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की ही तिथी माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजही छापलेली असते. तो म्हणाला, "आह, मॅम गुरो?" शिक्षकाला ते गुरो म्हणतात. चेहऱ्याला मुखा. गरिबाला दुखा. समुद्रकिनारे मी विसरीन, ती काच विसरणार नाही. तेव्हा सोमवारी संग्रहालय बंद असायचं, आताचे वार तेवढे बघून जा.

आता तुमचं १४ दिवसांचं. मी असते तर असं केलं असतं. मनिलात उतरून एक रात्र झोप. दुसऱ्या रात्री बस, बातादला दोन रात्री, सगादा विसरा. पाचव्या रात्री बसने परत, सकाळी उतरलात की त्याच दिवशी विमानाने पुएर्तो प्रिन्सेसा. तिथली भूमिगत नदी ८.२ किलोमीटरची आहे, बघायची तर परवाना आधी काढावा लागतो, नाही बघितली तरी चालेल. तिथून व्हॅनने पाच-सहा तास एल निडो. तिथे बोटींच्या सहलींना ए, बी, सी, डी अशी नावं आहेत, शाळेच्या तुकड्यांसारखी. ए आणि सी करा. चुनखडीचे काळे कडे सरळ पाण्यातून उठलेले, आणि त्यातल्या फटीतून आत गेलं की हिरवं शांत तळं. त्या कड्यांत पाकोळ्या घरटी करतात, त्यावरूनच गावाचं नाव, निडो म्हणजे स्पॅनिशमध्ये घरटं. तीन रात्री.

मग बोटीने कोरोन. या बोटीला चार तास लागतात असं सांगतात. कोस्ट गार्डने नाही म्हटलं की नाही, मग धक्क्यावर कितीही वाद घाला. माझी दोन दिवस सुटली नाही. समोर ऊन पडलेलं आणि बोट बंद! वारा बाहेर खोल समुद्रात होता, धक्क्यावरून दिसत नव्हता. म्हणून कोरोनहून परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे हवेतच. बोट वेळेवर सुटली तर ते कायांगान तळ्याला द्या. ती टागबनुआ लोकांची वाडवडिलांची जागा आहे, बरीचशी तळी त्यांनी पर्यटकांना उघडलेलीच नाहीत, आणि बरंच आहे. पाण्याखाली १९४४ मध्ये बुडवलेली जपानी जहाजं आहेत, त्यातली एक-दोन वरूनही दिसतात म्हणे, मी पाण्यात डोकं घातलं नाही.

न पोहणाऱ्या मित्राला जॅकेट काढू देऊ नका. सेबू, बोहोल, सिआर्गाव पुढच्या खेपेला. लग्नानंतर जा, बायकोला विचारून.

कर्वेरोडचा_राजा:

बाई, दिवेआगरचं मी मागे घेतो. तो ताम्रपट बघायला मीसुद्धा येतो.

फेजथ्री:

बाई, एक्सेल उडवलं. वही घेतली, चौकटीचीच. १३ रात्री, मनिला-बाताद-एल निडो-कोरोन-मनिला, मध्ये दोन पांढऱ्या चौकटी. तिकिटं काल काढली, मुंबईहून, जाताना सिंगापूरमार्गे.

एक अडचण. आमच्या तारखांत एक संकष्टी येते आहे, आणि आम्ही त्या दिवशी कोरोनला असू. मित्राने आईला ताम्रपटाचं सांगितलं, वाटलं खूश होईल. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण तिकडे चंद्रोदय किती वाजता?" आता तो उत्तर मागतोय. तिकडच्या ॲपवर विश्वास ठेवायला आई तयार नाही.

भूगोलाच्या_बाई:

आईंचं बरोबर आहे. वही उघड.

कोरोन १२० पूर्व, पुणे ७४ पूर्व. फरक ४६ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे १८४ मिनिटं. तीन तास चार मिनिटं आधी चंद्र तिकडे उगवतो. पण त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, ते वजा कर. उरली ३४ मिनिटं. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यातली तीन तासांच्या वाट्याची सहा-सात मिनिटं त्यात मिळव. साधारण चाळीस मिनिटं झाली. पंचांगात पुण्याची वेळ बघायची, त्यातून चाळीस मिनिटं कमी करायची, ती कोरोनच्या घड्याळातली वेळ. पाच-सात मिनिटं इकडेतिकडे, आणि पूर्वेला डोंगर असेल तर आणखी थोडा थांबेल तो.

मोदकाचं काही जमणार नाही. लुम्प्याच्या (तिकडच्या स्प्रिंग रोलच्या) पारीत गुंडाळून तळलेलं केळं मिळतं, तुरोन म्हणतात, वरून साखर लावलेली. ते दाखव नैवेद्याला. त्याच तेलात आधी मासे तळलेत का, ते मात्र विचारून घ्या.